जातिवंत कुत्री आणि कमअस्सल माणसे

इंदोऱ्यातल्या आमच्या रविवारच्या वाचनबैठकीत परवा ग्रंथ बाजूला राहिला आणि दोन तास कुत्र्यावर भांडण झाले. बैठकीतला एक तरुण मित्र नुकताच मिहानमधल्या कंपनीत नोकरीला लागला आहे. त्याने पहिल्या काही पगारांतून पंचेचाळीस हजार रुपये मोजून एक पिल्लू विकत घेतले आणि कौतुकाने बैठकीला आणले. पिल्लू सोनेरी, कुरळ्या केसांचे, लॅब्रॅडॉर आणि पूडल यांच्या संकराचे. याला लॅब्राडूडल म्हणतात.

पिल्लू पाहून पहिल्याने विचारले, "कोणत्या जातीचं आहे बे?" दुसऱ्याच्या घरी पेपरवाला जर्मन शेफर्ड आहे. तो म्हणाला, "अरे, हे प्युअर नाही, भेसळ आहे. तुला फसवलं." तिसऱ्याने युट्यूबवर पाहिले होते की संकरित कुत्र्यांना रोग होत नाहीत, त्यामुळे त्याच्या मते सौदा चांगला झाला होता. चौथी एक मुलगी, जी कमाल चौकाकडच्या गल्लीत रोज रात्री दहा-बारा मोकाट कुत्र्यांना खाऊ घालते, ती चिडून म्हणाली, की रस्त्यावर इतकी पिल्ले मरत असताना विकत आणायची गरजच काय होती. शेवटी एक ज्येष्ठ कार्यकर्ते वैतागले. समाजासमोर प्रश्नांचा डोंगर असताना आपण कुत्र्यांवर काय बोलत बसलो आहोत, असे त्यांचे म्हणणे.

ज्येष्ठांचा आदर राखून आम्ही म्हणतो की, हा प्रश्न आपलाच आहे. त्या दोन तासांत कुत्र्याच्या निमित्ताने जे शब्द वापरले गेले, ते कुत्र्यासाठी जन्मलेले शब्द नाहीत.

मराठी माणूस कुत्र्याची 'जात' विचारतो. चांगल्या कुत्र्याला 'जातिवंत' म्हणतो. पुढे जाऊन चांगल्या घोड्याला, चांगल्या गवयाला, चांगल्या अभिनेत्यालाही 'जातिवंत' म्हणतो आणि त्यात काही खटकत नाही. ज्याच्या रक्तात मिश्रण आहे असा संशय आहे तो 'कमअस्सल', आणि ही शिवी माणसाला दिली जाते. कोंबडी गावरानी असली की तिचा भाव दुप्पट, कुत्रा गावठी असला की त्याला दगड. आणि 'संकर' हा शब्द तर पाहा. गोठ्यात जर्सीचा संकर चालतो, कारण ती गाय जास्त दूध देते. शेतात संकरित कापूस चालतो. मात्र माणसांत आला की तोच शब्द 'वर्णसंकर' होतो आणि कुळाचा नाश, धर्माचा नाश, पितरांचा नरकवास एवढे सगळे त्याच्या मागे उभे राहते. गीतेच्या पहिल्याच अध्यायात अर्जुनाला युद्धातल्या माणसांच्या मृत्यूइतकीच वर्णसंकराची भीती वाटते, हे विसरू नका.

मनुस्मृतीचा दहावा अध्याय म्हणजे या भीतीची नोंदवही आहे. कोणत्या वर्णाच्या पुरुषापासून कोणत्या वर्णाच्या स्त्रीला झालेले मूल कोण ठरते, याचा त्यात तक्ता आहे. शूद्र पुरुष आणि ब्राह्मण स्त्री यांचे मूल चांडाळ. त्याने गावाबाहेर राहायचे, प्रेतावरची वस्त्रे नेसायची, फुटक्या भांड्यात जेवायचे. आणि त्याची संपत्ती कोणती, तर कुत्री आणि गाढवे. म्हणजे गावाने कुत्र्याला आणि माणसाला एकाच आदेशाने वेशीबाहेर घातले. कोणी आम्हाला म्हणेल, तुम्ही माणसांची तुलना कुत्र्यांशी करता. ती तुलना आम्ही केलेली नाही. ती करणारा ग्रंथ बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली 25 डिसेंबर 1927 ला महाडला जाळला गेला. त्याच वर्षी मार्चमध्ये महाडलाच प्रश्न होता, की चवदार तळ्यावर जनावरे पाणी पितात आणि माणसे का नाहीत?

आता कुत्र्यांच्या 'शुद्ध' जातींकडे येऊ. अनेकांना वाटते की या जाती निसर्गाने दिल्या आहेत. मेंढ्या राखणारी, शिकारीची, वासावर जाणारी कुत्री माणसाने फार पूर्वीपासून वेगवेगळी जोपासली, हे खरे. पण ज्याला आज आपण ब्रीड म्हणतो, म्हणजे वंशावळीची वही, त्या वहीत नाव असलेल्यांच्याच पोटी जन्मलेल्यांना प्रवेश आणि बाहेरच्याला कायमचा मज्जाव, ही व्यवस्था एकोणिसाव्या शतकातल्या इंग्लंडची आहे. लंडनचा केनेल क्लब 1873 चा. त्याची वंशावळीची पहिली वही 1874 ची. त्याच्या चारच वर्षे आधी, 1869 मध्ये, फ्रान्सिस गाल्टनने माणसांच्या आनुवंशिक बुद्धिमत्तेवर पुस्तक लिहिले आणि त्याचा युक्तिवादच असा मांडला, की निवड करून जर कुत्र्या-घोड्यांच्या जाती घडवता येतात तर निवडक विवाहांनी माणसांचीही उच्च जात घडवता येईल. 1883 मध्ये त्याने या विचाराला युजेनिक्स असे नाव दिले. पुढे युरोपात या विचाराने किती माणसे मारली, ते तुम्हाला ठाऊक आहे.

आपल्याकडे मात्र गाल्टनची गरजच नव्हती. जातीचे समर्थन करणाऱ्या सुशिक्षितांनी विसाव्या शतकात त्याचा उपयोग एवढाच केला, की आमची जातिव्यवस्था म्हणजे प्राचीन सुप्रजनशास्त्रच आहे, असे सांगता आले. बाबासाहेबांनी लाहोरच्या जातपात तोडक मंडळासाठी लिहिलेल्या आणि 1936 मध्ये स्वतःच छापलेल्या भाषणात या दाव्याची चिरफाड केली आहे. आनुवंशिकीला जेनेटिक्स हे नाव देणाऱ्या बेटसनचाच दाखला देऊन त्यांनी सांगितले, की बौद्धिक गुण असे सरळ रेषेत वारशाने उतरत नाहीत. भांडारकरांच्या संशोधनाच्या आधारे दाखवले, की या देशात कोणतीच जात शुद्ध रक्ताची नाही. पंजाबचा ब्राह्मण वंशाने पंजाबच्या चांभाराच्या जवळचा आहे, मद्रासच्या ब्राह्मणाच्या नव्हे. पुढचा टप्पा आमच्या आजच्या विषयाच्या अगदी जवळचा आहे. जाती म्हणजे वेगळे वंश आहेत असे क्षणभर मानले, तरी त्यांचे मिश्रण झाल्याने बिघडते काय, असा त्यांनी प्रश्न टाकला. माणूस आणि पशू या वेगळ्या प्रजाती आहेत; माणसा-माणसांत तसा भेद नाही, त्यांच्या मिश्रणातून होणारी संतती धडधाकट आणि पुढे वंश चालवणारी असते. आणि जात जर खरोखर सुप्रजननाची योजना होती, तर हजारो वर्षांच्या प्रयोगाअंती लष्करभरतीत बहुसंख्य नापास होणारी, खुरटलेली प्रजा कशी तयार झाली, हा त्यांचा टोला आजही कोणाला परतवता आलेला नाही.

बंद वहीचे काय होते, ते डाल्मेशियन या ठिपकेवाल्या कुत्र्याने दाखवून दिले. या जातीतल्या सगळ्याच कुत्र्यांत एक जनुकीय दोष पसरला. युरिक ॲसिड शरीरात नीट मोडत नाही, लघवीत खडे होतात, त्यातही नरांचे हाल अधिक. जातीच्या आत निरोगी जनुक शिल्लकच नव्हते, त्यामुळे जातीच्या आत उपायही नव्हता. 1973 मध्ये रॉबर्ट शायबल या अमेरिकन शास्त्रज्ञाने डाल्मेशियनचा पॉइंटर जातीच्या कुत्र्याशी एकदाच संकर केला आणि पुढच्या सगळ्या पिढ्या पुन्हा डाल्मेशियनशीच जुळवल्या. दिसायला अस्सल ठिपकेवाली आणि त्या दोषातून मुक्त अशी कुत्री तयार झाली. 1981 मध्ये अमेरिकन केनेल क्लबने अशा दोघांची नोंद केली. त्यावर जातीच्या अभिमानी मंडळींनी गदारोळ केला, पणजीच्या खापरपणजीत कुठे तरी एक पॉइंटर आहे म्हणून! नोंदणी थांबली. पुन्हा दार उघडायला 2011 साल उजाडले. तीस वर्षे कुत्री खड्यांनी तळमळत राहिली, पण रक्त शुद्ध राहिले. जातपंचायत याहून वेगळे काय करते?

आमच्या जर्मन शेफर्डवाल्या मित्राला आम्ही हे सांगितले तेव्हा संकराच्या बाजूचा मित्र खुश झाला. पण खुश होण्याचे कारण नाही. आता त्याची पाळी.

लॅब्राडूडलची गोष्ट ऑस्ट्रेलियातली, 1989 ची. अंधांसाठी कुत्री शिकवून तयार करणाऱ्या तिथल्या संस्थेत वॉली कॉन्रन नावाचा माणूस काम करत होता. हवाई बेटांवरच्या एका अंध बाईला मार्गदर्शक कुत्रा हवा होता, पण तिच्या नवऱ्याला कुत्र्याच्या केसांची ॲलर्जी. बरेच पूडल तपासून झाल्यावर त्याने लॅब्रॅडॉर आणि पूडलचा संकर केला. तीन पिल्ले झाली. एक हवाईला गेले. उरलेल्या दोघांना सांभाळायला घर मिळेना. संस्थेकडे प्रतीक्षेत असलेल्या कुटुंबांची यादी होती, पण प्रत्येकाला शुद्ध जातीचेच हवे होते, मिश्र नको. तेव्हा कॉन्रनने त्या मिश्र पिल्लांना 'लॅब्राडूडल' असे नाव दिले आणि प्रसिद्धी विभागाला ते वर्तमानपत्रांना, टीव्हीला कळवायला सांगितले. फोन खणखणू लागले. पिल्ले तीच होती. पुढे जगभर या नावाचा असा बाजार उठला, की म्हातारपणी कॉन्रनने स्वतःच जाहीरपणे पश्चात्ताप केला.

मित्रांनो, ही गोष्ट नीट वाचा. नाव नव्हते तोवर मिश्र, नाव मिळाले की डिझायनर. आमच्या बैठकीत ज्याला एकाने भेसळ म्हटले आणि दुसऱ्याने उत्तम सौदा म्हटले, ते एकच जनावर होते. म्हणजे डिझायनर संकराचा बाजार शुद्धतेच्या विरोधात उभा राहिलेला नाही. त्याने शुद्धतेच्या दुकानाशेजारी दुसरे दुकान टाकले आहे. तिथेही आई-बाप विचारले जातात, ते 'पेपरवाले' आहेत ना हे पाहिले जाते, आणि किंमत जन्मावरूनच लागते. रस्त्यावरचे कुत्रे तर त्या लॅब्राडूडलपेक्षा कितीतरी पट संकरित आहे. त्याच्यात किती पिढ्यांचे, किती रंगांचे रक्त आहे याचा हिशेबच नाही. मग त्याची किंमत शून्य का? कारण त्याच्या बापाचे नाव माहीत नाही. हा न्याय आपल्याला ओळखीचा वाटत नसेल तर आपण महाभारतातला कर्ण विसरलो.

रोग होत नाहीत, हा दावाही तपासून घ्यावा. 2024 मध्ये लंडनच्या रॉयल व्हेटर्नरी कॉलेजच्या संशोधकांनी लॅब्राडूडल, कॉकापू आणि कॅव्हापू यांची तुलना त्यांच्या आई-बापाच्या जातींशी केली. बहुसंख्य आजारांत फरक आढळला नाही. संकराचा जोम खोटा नाही, पण तो काय असतो हे विदर्भातल्या शेतकऱ्याच्या पोराला वेगळे शिकवायला नको. संकरित कपाशीचे बी यंदा लावले तर पीक जोरात येते. त्याच पिकाचे बी राखून पुढच्या वर्षी पेरले तर काही झाडे उंच, काही खुजी, बोंडांचा मेळ नाही. म्हणून दरवर्षी पाकीट विकत घ्यावे लागते. कुत्र्यांतही पहिल्या पिढीनंतर तोच प्रकार. एकाचे केस गळतात, दुसऱ्याचे नाही. दोन्ही आई-बाप दोषी जनुकाचे असतील तर संकर त्यांना धुऊन काढत नाही. शिवाय पिल्लू आवडले की गिऱ्हाईक आई-बापाच्या तपासण्या विचारत नाही. आमच्या मित्रानेही विचारल्या नव्हत्या. ज्याच्याकडून त्याने पिल्लू घेतले, त्याने त्या पिल्लाची आई दाखवलीच नाही. 'फार्मवर आहे' एवढेच सांगितले.

त्या न दिसलेल्या आईपाशी आम्हाला थांबायचे आहे.

9 मे 1916 रोजी कोलंबिया विद्यापीठात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी जो निबंध वाचला, त्याचा गाभा असा, की जातीचा प्राण तिच्या आतल्या विवाहबंधनात आहे. हे बंधन टिकवायचे तर स्त्रीवर ताबा हवा. सती, सक्तीचे वैधव्य, बालविवाह या प्रथा त्या ताब्याची हत्यारे होत. वंशाची शुद्धता जिथे जिथे विक्रीला किंवा मिरवायला काढली जाते, तिथे तिथे तिचा भार कोणत्या तरी मादीच्या शरीरावर पडतो. कुत्र्यांच्या धंद्यात तर तो उघडाच आहे. मादी माजावर आली की नर सोडायचा, पिल्ले झाली की महिन्या-दीड महिन्यात उचलायची, पुढच्या माजाला पुन्हा तेच. मग ती म्हातारी झाली, गर्भाशयाला संसर्ग झाला, की एक दिवस कुठल्या तरी रस्त्याच्या कडेला गाडीतून उतरवायची. रिंगरोडला सांधे गेलेल्या, ओघळलेल्या आचळांच्या 'फॉरेन' माद्या आमच्या त्या मैत्रिणीने दोनदा उचलून आणल्या आहेत.

कायदा नाही असे नाही. केंद्र सरकारचे 2017 चे श्वान प्रजनन आणि विक्रीचे नियम आहेत. धंदा करणाऱ्याने राज्य प्राणी कल्याण मंडळाकडे नोंदणी करायची, दीड वर्षाच्या आतल्या मादीची वीण करायची नाही, आयुष्यात पाचपेक्षा जास्त वेळा तिच्याकडून पिल्ले घ्यायची नाहीत, आठ आठवड्यांच्या आतले पिल्लू विकायचे नाही. आणि प्राण्याशी क्रूरपणे वागल्याच्या पहिल्या गुन्ह्याला 1960 च्या मूळ कायद्यात दंड किती? दहा ते पन्नास रुपये. पंचेचाळीस हजारांच्या पिल्लामागे पन्नास रुपये हा धंद्याचा किरकोळ खर्च झाला. नागपुरात महाराष्ट्राचे पशुवैद्यकीय विद्यापीठ आहे, सेमिनरी हिल्सला पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. ज्ञानाची कमतरता या शहराला नाही. शहरात पिल्ले विकणाऱ्यांपैकी नोंदणीकृत किती, हा प्रश्न माहितीच्या अधिकारात विचारायला आपल्या एका तरुणाचा एक दिवस आणि दहा रुपये पुरतात. तेवढे तरी आपण करू.

रस्त्यावरच्या कुत्र्यांचे नागपूरपुरते प्रकरण वेगळेच आहे. ऑक्टोबर 2022 मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने आदेश दिला, की मोकाट कुत्र्यांना खाऊ घालायचे असेल तर त्यांना दत्तक घ्या, घरी नेऊन खाऊ घाला. नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्याला स्थगिती दिली. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयानेच दिल्लीतली सगळी मोकाट कुत्री उचलायचा आदेश दिला आणि अकरा दिवसांत तो बदलला. आम्ही या वादात भाबड्या प्राणिप्रेमींच्या बाजूने नाही. रेबीजने मरणाऱ्यांत गरीब अधिक असतात आणि मुले फार असतात. कुत्रे चावते ते पहाटे कचरा वेचायला निघालेल्या बाईला, रात्रपाळीवरून सायकलने येणाऱ्याला, वस्तीतल्या उघड्या नाल्याशेजारी खेळणाऱ्या पोराला. बंगल्याच्या गेटातून पोळी टाकणाऱ्याला चावत नाही. म्हणून नसबंदी, लस आणि कचऱ्याची विल्हेवाट ही मागणी आपली आहे, आणि ती महापालिकेच्या दारात जोरात केली पाहिजे. पण त्याच शहरात एकीकडे मोकाट कुत्र्यांची नसबंदी करायची आणि दुसरीकडे फ्लॅटच्या गच्चीवर, फार्महाऊसच्या पत्र्याखाली नवी पिल्ले पैदा करायची, यातला विरोधाभास कोणी बोलत नाही. विकत घेतलेला हस्की पहिल्या उन्हाळ्यात, नागपूरच्या पंचेचाळीस अंशांत, धापा टाकायला लागला की दुसऱ्या उन्हाळ्यात तोही रस्त्यावरच येतो.

एका मुद्द्यावर आमच्यात एकमत झाले नाही, तो इथे लिहितो. मार्च 2024 मध्ये केंद्र सरकारने पिटबुल, रॉटवायलर अशा तेवीस जाती आणि त्यांच्या संकरांवर आयात, प्रजनन व विक्रीची बंदी घालणारे पत्रक काढले. कर्नाटक उच्च न्यायालयाने ते महिन्याभरात रद्द केले. काहींना बंदी हवी होती, आणि पिटबुल चावल्याच्या बातम्या वाचल्यावर त्यांची भीती खोटी म्हणता येत नाही. पण जन्मावरून गुन्हेगार ठरवण्याची पद्धत या देशात 1871 च्या कायद्याने माणसांवर वापरली गेली आहे आणि पारधी, कैकाडी समाज त्याचे वळ अजून अंगावर वागवतो. आम्हाला वाटते, मालकाला पकडा. कुत्र्याला साखळीने बांधून, डिवचून, मारामारीसाठी तयार करणारा तोच असतो. वस्तीतल्या आपल्या पोरांनाही हे सांगावे लागेल. छाती फुगवायला पिटबुल पाळणे हे काही पँथर होणे नाही.

आणि आता जरा घरात पाहू. लॅब्राडूडलच्या संकराचे कौतुक करणाऱ्या शहरी सवर्ण घरात मुलीच्या लग्नाची जाहिरात 'स्वजातीय' असते, यावर टाळ्या घेणे सोपे आहे. आपल्या वधू-वर मेळाव्यांचे काय? 14 ऑक्टोबर 1956 ला याच शहरात आपण जात टाकली. तरीही आजच्या बायोडेटात 'बौद्ध' लिहिल्यावर फोनवर हळूच विचारले जाते, बावणे का लाडवण, बारके का कोसरे? विचारणारी माणसे परकी नसतात. आपल्याच वस्तीतली, आपल्याच विहारात वंदना घेणारी असतात. आपल्या मोठ्या कष्टाने उघडलेल्या वहीला ती पुन्हा कुलूप लावायला निघाली आहेत.

मित्राने शेवटी विचारले, पिल्लू परत करू का? सगळ्यांनी एका आवाजात नको म्हटले, तो जर्मन शेफर्डवालासुद्धा. जन्माचा दोष त्या जिवाचा नाही. परत केले तर ते पुन्हा त्याच दुकानात, पुन्हा विक्रीला. त्याने कबूल केले आहे की योग्य वयात नसबंदी करीन, आणि 'मेटिंग'साठी येणाऱ्या फोनना नकार देईन. दोन फोन आलेही आहेत. दोघांचा पहिला प्रश्न एकच होता, पेपर आहेत का?

येत्या रविवारी 1916 चा निबंध वाचायचा आहे. पिल्लूही येणार आहे. ज्यांना त्याला भेसळ म्हणायचे असेल, त्यांनी आपल्या घरातल्या शेवटच्या तीन लग्नांची यादी सोबत आणावी.